बायकांच्या बाजूनं

“आज बी ह्योच शिनिमा हाय का?”

तिकिटाच्या खिडकीतून आत आलेल्या हातात कालच्याच हिरव्या बांगड्या होत्या. तोंड पदराआड. मी म्हटलं, “हाच आहे. जत्रा संपेपर्यंत हाच. पण तुम्ही काल बघितलात ना?”

“काल निम्मा बघितला.”

“मग आज उरलेला बघणार?”

“न्हाई. आज बी तेवढाच निम्मा.”

पुढं आलेले पैसे घेऊन मी तिकीट फाडून दिलं. असलं गिऱ्हाईक मी कधी पाहिलं नव्हतं. लोक शेवटासाठी येतात. कुणी हिरॉइनच्या नाचासाठी येतात, कुणी घरात सासू आहे म्हणून येतात. पण मधनं उठून जायला रोज तिकीट काढणारी ही पहिलीच.

आमचा तंबू जुन्या चालीचा होता. सासऱ्यांनी, आबांनी, सुरू केलेला, आणि सासऱ्यांची चाल मोडायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. इतरांच्या तंबूत पडदा एका टोकाला असायचा. आमच्यात तो मधोमध टांगलेला. मशीनच्या बाजूला बाप्ये, पडद्याच्या पलीकडं बाया. पातळ मांजरपाटाचा पडदा, त्यावर पाणी मारलं की चित्र आरपार उमटायचं आणि बायकांना ते मागच्या अंगानं दिसायचं. सासरे म्हणायचे, एका खर्चात दोन थेटरं. गावकऱ्यांनाही बरं वाटायचं, लेकीसुना नजरेआड बसतात म्हणून. मागनं अक्षरं तेवढी उलटी दिसायची. पण वाचता येणाऱ्या बाया असायच्या किती? मला तरी कुठं येत होतं? मी शाळेची पायरी चढले नाही. सिनेमाची नावं बघून बघून अक्षरं शिकले, तीही बायकांच्या बाजूनं. पहिलं वर्षभर माझा ‘क’ घराकडं पाठ करून उभा असायचा.

तिकिटं फाडायची, पडद्यावर पाणी मारायचं, सकाळी पडदा धुवायचा, ही कामं माझी. मशीन आमच्या ह्यांचं.

त्या साली चैत्रात आम्ही बोरखोपच्या जत्रेला उतरलो होतो. बोरखोप म्हणजे घरटी एक फौजी. म्हणून ह्यांनी मुद्दाम लढाईचा हिंदी सिनेमा आणलेला. पलटण माघारी फिरते आणि एक जवान नदीपलीकडं, दुश्मनाच्या मुलखात एकटा मागं राहतो. बोरूच्या बेटात लपतो, पडक्या विहिरीत लपतो, शेवटी सापडतो, तुरुंगात पडतो, तिथनं निसटून सरहद्दीच्या तारेकडं पळत सुटतो. बाकी कुठं हा सिनेमा चालला नाही. बोरखोपात माणूस मावत नव्हता. पेन्शनीत आलेले फौजी पुढं बसून तपासणी केल्यासारखा सिनेमा बघायचे.

“आरं, ह्याच्या बंदुकीतली गोळी संपतच न्हाई! असली आमाला दिली असती तर लढाई येरवाळीच उरकून च्याला घरी आलो असतो.”

आणि पलीकडून बायका त्या जवानाला ओरडायच्या, “मागं बघ की रं बाबा! आलं बघ ते! आरं, आईचं तरी ऐक मुडद्या!”

ती हिरव्या बांगड्यांची मात्र गप्प असायची. मधल्या खांबाला टेकून बसायची. तुरुंगाचा प्रसंग आला की पाठ सरळ करायची. कैद्यांची रांग बसलेली, शिपाई भाकऱ्या टाकत जातो. पुढं आपला जवान डोळे वटारून बसलेला, आणि त्याच्या मागं, भिंतीच्या कोपऱ्यात, दाढी वाढलेला एक हडकुळा माणूस. तो भाकरी मोडतो, दोन घास खातो, तिसरा घास हातात धरून भिंतीकडं बघत राहतो. बस्स. त्या माणसाला बोलणं नाही, नाव नाही. तो प्रसंग सरला की ती उठायची, पदर सारखा करायची आणि कनातीची फट उचलून निघून जायची.

गावाच्या वेशीत एक काळा दगड उभा होता. लढाईत गेलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर कोरलेली. शेजारीच पाण्याचा हौद. मी सकाळी पडदा धुवायला तिथं जायची. दगडाखाली एक पाथरवट बिऱ्हाड टाकून बसलेला, छन्नी-हातोडा उशाला आणि स्वतः विडी ओढत.

“काम नाही वाटतं?” मी विचारलं.

“काम हाय. हुकूम न्हाई,” तो म्हणाला. “एकाहत्तरच्या लढाईची तीन नावं. दोन कवाच कोरली. तिसऱ्याची जागा तासून ठेवलीया. सुभेदार म्हातारा म्हणतो, थांब. मी बसलोय थांबून.”

मी बघितलं. दोन नावांच्या खाली गुळगुळीत पट्टी होती, बाकीच्या दगडापेक्षा उजळ.

तेवढ्यात ती कळशी घेऊन आली. दिवसाउजेडी पहिल्यांदाच तिचं तोंड दिसलं. पस्तिशीची असेल. कपाळाला रुपयाएवढं कुंकू. कळशी हौदाच्या काठावर ठेवून तिनं पडद्याचं दुसरं टोक धरलं आणि न विचारताच पिळायला लागली.

“बाई, ह्या शिनिमातली माणसं कुठली असत्यात?”

“मुंबईची.”

“सगळीच?”

“हिरोबिरो मोठी असतात. मागं बसणारी रोजावर आणतात म्हणे.”

“म्हंजे त्यो कोपऱ्यातला भाकरी खाणारा, त्यो बी रोजावरचाच?”

“असेल.”

ती पीळ घालता घालता थांबली. “बाई, मी येडी न्हाई. शिनिमात समदं खोटं असतं, मला ठाव हाय. पण माणूस तर खराच असतो न्हवं? कुनाचा तरी असतोच की त्यो.”

पाथरवटानं विडी विझवली आणि उठून तो पलीकडं गेला. तेव्हा मला कळलं की ती तिसरी जागा कुणाची आहे.

तिचं नाव सगुणा. लग्न होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील, तोवर लढाई लागली. रंगराव नलवडे, नाईक, बेपत्ता, अशी तार आली. पुढं सरकारनं मेला असं धरलं आणि पेन्शन सुरू केली. सगुणेनं काही धरलं नाही.

“ते डाव्या हातानं जेवायचे,” ती म्हणाली. “सासूबाई हातावर पळी हाणायच्या. पळी वाकली, पर सवय न्हाई मोडली. पलटणीत गेल्यावर पत्र आलं, हितं सलूट उजव्या हातानं घेत्यात, पर भाकरी माझ्या मनासारखी खाऊ देत्यात.” ती हसली. “त्यो कोपऱ्यातला बघितलास? डाव्या हातानं खातो. आन् तिसरा घास असा धरून बसतो. आमचे बी असंच. जेवता जेवता कुठं गुंतायचे कुनास ठाऊक. मी म्हनायची, भाकरीला पाय फुटलं का काय?”

मी पडदा झटकला.

“सुटून आला आसंल,” ती म्हणाली. “डोस्क्यात गोळी लागून माणूस गाव इसरतो म्हणत्यात. मुंबईत रोजावर बसत आसंल.”

“वैनी, घरात सांगितलंत का कुणाला?”

“घरात मामंजी. बाकी कोन हाय?” तिनं दगडाकडं मान केली. “त्यांचंच काम चाललंय हे. म्हणत्यात, पोरी, तू हो म्हण, जत्रेच्या पालखीआधी नाव पडू दे. तू न्हाई म्हणलीस तर छन्नी लागनार न्हाई. म्हणजे मारायचं काम माज्याकडं दिलंय.”

“आणि कुंकू?”

“नाव पडलं की कुंकू आलंच त्यात.” कळशी कमरेवर घेत ती म्हणाली, “आता तरी काय गं? हळदीकुंकवाला मला शेवटी बोलावत्यात. बोलावत्यात, पर शेवटी.”

त्याच दिवशी संध्याकाळी रीळ तुटलं. नेमकं तुरुंगातच. बाप्ये शिट्ट्या मारायला लागले, ह्यांनी हाक मारली म्हणून मी कात्री आणि डिंकाची बाटली घेऊन मशीनपाशी धावले. तुकडा जोडला, ह्यांनी मशीन चालू केलं आणि मी तिथंच उभी राहून पडद्याकडं बघितलं. इतकी वर्षं तंबूत काढली, पण ह्या बाजूनं उभी राहून मी सिनेमा असा कधी बघितलाच नव्हता.

कोपऱ्यातल्या माणसानं भाकरी मोडली आणि उजव्या हातानं घास घेतला.

मी ह्यांचा दंड धरला. “अहो, तो उजव्या हातानं जेवतोय.”

“मग काय पायानं जेवणार?”

मी ह्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आमचे हे फार बोलणारे नव्हते. मशीनचा खडखडाट ऐकून ऐकून माणसाला गप्प बसायची सवय लागते. ते बराच वेळ रिळाकडं बघत राहिले. “तिला सांगायचं का नाही, ते तुझं तू बघ,” म्हणाले. “मी असतो तर नसतं सांगितलं. पण मी बाप्या. मला सगळं सुलटं दिसतं.”

मी बायकांच्या बाजूला जाऊन बघितलं. खांबापाशी जागा रिकामी होती. ती निघून गेलेली.

दुसऱ्या दिवशी सांगायचंच असं ठरवून मी खिडकीत बसले. तर ती आली आणि तिच्यामागं काठी टेकत एक उंच म्हातारा. डोक्याला फेटा, कोटाला लावलेली बिल्ल्यांची पट्टी, पाठ अशी ताठ की तंबूचा बांबू लाजावा. सुभेदार तात्या नलवडे. रांगेतल्या बाप्यांनी आपोआप वाट सोडली.

“दोन,” सगुणा म्हणाली. “एक बायकांचं, एक मामंजींचं.”

“तात्या, तुम्ही आणि सिनेमाला?” मागनं कुणीतरी म्हणालं. “उद्या सूर्य कुठनं उगवायचा?”

“सून म्हणाली, बघा. बघतो,” तात्या म्हणाले. “हुकूम हाय.”

ह्यांनी त्यांच्यासाठी पुढं लाकडी खुर्ची ठेवली आणि तिच्यावर बाजेवरची सतरंजी घातली. मी पाण्याची बादली घेऊन पडद्याच्या कडेच्या बांबूपाशी उभी राहिले. तिथनं दोन्ही बाजू दिसतात. एकीकडं खांबाला टेकलेली सगुणा, दुसरीकडं खुर्चीत तात्या. मध्ये ओला मांजरपाट.

तुरुंग आला. भाकऱ्या पडल्या. कोपऱ्यातल्या माणसानं घास घेतला. तात्या पुढं झुकले. काठीवर दोन्ही हात, त्यावर हनुवटी. तो माणूस पडद्यावरून गेला तरी म्हातारा तसाच. पलीकडं सगुणाही तशीच. त्या दिवशी ती उठून गेली नाही. तात्यांसाठी थांबली, पण डोळे मिटून.

खेळ सुटल्यावर तंबूच्या तोंडाशी, बत्तीच्या उजेडात ते दोघं उभे राहिले. मी तिकिटांची पेटी आवरत होते. कान मात्र तिकडंच.

“बघितलं, मामंजी?”

“बघितलं.”

“कोपऱ्यातला?”

“कोपऱ्यातला.”

ती थांबली. मग फार हळू म्हणाली, “मंग?”

तात्यांनी घसा साफ केला. पलटणीला हुकूम देत असावेत अशा आवाजात ते म्हणाले, “त्योच हाय.”

माझ्या हातातली पेटी खाली पडली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं.

“हात बघितला?” सगुणेनं विचारलं.

“डावा. डाव्या हातानंच खात हुता.” म्हाताऱ्यानं बत्तीकडं पाठ केली. “पाथरवटाला सकाळी माघारी धाडतो. चल घरी.”

सगुणा तिथंच क्षणभर उभी राहिली. मग त्यांच्यामागं चालायला लागली, सुनेनं चालावं तशी दोन पावलं मागं.

सकाळी मी हौदावर गेले तर ती माझ्याआधी येऊन बसलेली. कळशी भरलेली, तरी बसलेली. पाथरवटाचं बिऱ्हाड बांधून झालेलं होतं. तो मात्र अजून तिथंच होता.

मी पडदा पाण्यात टाकला आणि एका दमात म्हटलं, “वैनी, एक सांगायचंय. आपल्या बाजूनं पडदा...”

“उलटा दिसतो,” ती म्हणाली.

मी पाण्यातला पडदा सोडून तिच्याकडं वळले.

“पयल्याच दिवशी कळलं गं. सुरवातीलाच त्यो हिरो साहेबाम्होरं डाव्या हातानं सलूट ठोकतो. बाकीच्या बायकांना काय न्हाई वाटलं. मी फौजीची बायको. डाव्या हाताचा सलूट मला खुपनार न्हाई व्हय?”

“मग रोज कशाला येत होतात?”

“ह्या बाजूला बसलं की दिसायचं की तसंच.” तिनं हौदात हात घालून पडद्याचं टोक वर काढलं, पाणी निथळू दिलं. “ठाव आसलं तरी दिसतं ते दिसतंच.”

“आणि तात्यांना आणलंत ते?”

पाथरवट दगडाच्या पलीकडं जाऊन उगाच गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधत होता.

“मला वाटलं, मामंजी त्या बाजूनं बघत्याल आन् मला म्हणत्याल, न्हाई गं पोरी, आपला न्हवं त्यो. येवढं त्यांनी म्हणायचं हुतं. मग मी हो म्हणाले असते. माझं मला म्हणवत न्हवतं.” ती हसली, पण ते हसू कपाळापर्यंत पोचलं नाही. “इतकी वर्सं मला वाटायचं, म्हाताऱ्याला घाई झालीया. दगडावर नाव टाकलं, हार घातला, की सुटला. आन् काल बघ. आयुष्यात कुनाला खोटं बोलला न्हाई हा मानूस. सासूबाई मरताना विचारत हुत्या, माझा रंगू यील का, तर त्यांना बी म्हणाला, मला ठाव न्हाई. बायकोला खोटं न्हाई बोलला, आन् मला बोलला.”

ती उठली. कळशी कमरेवर घेतली. “आज मला म्होरं बसू दे.”

“म्होरं? बाप्यांत?”

“मामंजींच्या शेजारी.”

बोरखोपात बाई बाप्यांच्या बाजूला बसली तर सासऱ्यांचा तंबू त्याच दिवशी मोडला असता. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, “आबा असते तर नाही म्हणाले असते.” मग मशीनला तेल घालता घालता म्हणाले, “दोन खुर्च्या लागतील.”

संध्याकाळी ती तात्यांना घेऊन आली. हा आमचा तिथला शेवटचा खेळ होता. ती पुढच्या कनातीतून आत शिरली तशी कुजबुज झाली. “ओ बाई, वाट चुकला का? तुमचं पलीकडं,” एक जण म्हणाला. तात्यांनी मान वळवून त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो बसला.

मी बादली घेऊन बांबूपाशी. जवान नदीपलीकडं राहिला. बोरूच्या बेटात लपला, विहिरीत लपला. पलीकडून बायका ओरडत होत्या, “मागं बघ की रं!” अलीकडं त्या दोघांच्या आसपास सगळे जरा आवरूनच बसलेले. तुरुंग आला तसे तात्या खाली बघायला लागले. पायाशी काहीतरी पडल्यासारखे.

सगुणा बघत होती. पदर डोक्यावरून थोडा मागं गेलेला, तिचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यातल्या माणसानं भाकरी मोडली. उजव्या हातानं एक घास, उजव्या हातानं दुसरा. तिसरा घास उजव्या हातात धरून तो भिंतीकडं बघत राहिला.

रीळ संपलं. दिवा लागला. दुसरं रीळ चढवायला हे वाकले. मी पाणी मारायचं विसरून उभीच.

“मामंजी, उजव्या हातानं जेवतोय की त्यो,” सगुणा म्हणाली.

तात्या म्हणाले, “व्हय.”

“मंग काल?”

“काल बत्तीचा धूर गेलता डोळ्यांत.”

“आज गेला?”

“आज बी गेलाय,” म्हातारा म्हणाला आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले. सगळ्या गावादेखत.

मग सगुणेनं विचारलं, “पाथरवट गेला का हो?”

“न्हाई. जा म्हणालो, आन् मंग थांब म्हणालो. कशाला म्हणालो, ठाव न्हाई. त्याला वाटत आसंल, म्हाताऱ्याला चळ लागलाय.”

“त्याला म्हणावं, सकाळी सुरू कर. नाव पुरं लिवायला सांगा. नाईक सुदिक.”

तात्यांनी मान डोलावली. काठी दोन्ही हातांत धरून म्हणाले, “नावाचं गावानं बघायचं. कपाळाचं तुझं तू बघायचं, पोरी. त्यात गाव न्हाई आन् मी बी न्हाई.”

ह्यांनी मला हाक मारली, “पाणी!” मी भानावर आले, पडद्यावर तांब्या मारला. दिवा गेला. तात्या काठी टेकून उठायला लागले तर सगुणेनं त्यांच्या बाहीला धरलं.

“बसा मामंजी. त्यो तारेपत्तूर पोचतो का न्हाई, मी एकदाबी नीट बघितलं न्हाई.”

ते बसले. दोघांनी सिनेमा शेवटपर्यंत बघितला.

सकाळी तंबू उतरवताना वेशीकडून छन्नीचा आवाज येत होता. टक्, टक्, मध्ये थांबून पुन्हा टक्. आमचा ट्रक तिथनंच जाणार होता. दगडापाशी तात्या उन्हात उभे, छातीला बिल्ले. सगुणा बाजूला. ट्रक बघून तिनं हात वर केला. कपाळ मला दिसलं नाही, ऊन डोळ्यांवर होतं. दिसलं असतं तरी मी बघितलं नसतं, असं आता वाटतं.

पुढचा मुक्काम नदीकाठच्या एका गावात होता. सिनेमा तोच. खेळ सुरू झाल्यावर मी पाणी मारलं आणि बादली ठेवून बायकांच्या बाजूला गेले. मधल्या खांबापाशी कुणीतरी लेकुरवाळी बसली होती, तिला जरा सरकायला लावलं आणि टेकून बसले. तुरुंग आला. भाकऱ्या पडल्या. आणि तिथं, भिंतीच्या कोपऱ्यात, तो अजून डाव्या हातानं जेवत होता.